गाडी सरळ, स्टिअरिंग वाकडं

मागच्या भाषणात आपण टायरच्या हवेबद्दल बोललो होतो. त्यानंतर ज्या ज्या गटाच्या बैठकीला गेले, तिथे गाडी चालवणाऱ्या ताईंनी मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला. गाडी रस्त्यानं सरळ जाते, पण स्टिअरिंग थोडं वाकडं धरावं लागतं. गॅरेजवाला म्हणतो, चालतंय, काही होत नाही. तर खरंच काही होत नाही का?

कधी खरंच काही होत नाही. कधी दोन नवे टायर काही महिन्यांत घासून जातात. आणि कधी चालत्या गाडीचं एक चाक भलतीकडे वळतं. अडचण अशी की तिन्ही वेळी स्टिअरिंग दिसायला सारखंच वाकडं असतं. म्हणून गाडीखाली न वाकता, टायरला हात न लावता कुणी "काही होत नाही" म्हणालं तर मान हलवायची नाही, मग तो कितीही जुना मिस्त्री असो.

आपल्या गटांकडे ज्या गाड्या आहेत त्यात जुन्या मारुती ओम्नी बऱ्याच आहेत. ओम्नी २०१९ मध्ये बंद झाली, म्हणजे आज आपल्याला मिळते ती दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या हाताचीच. तिनं आधी शाळेची मुलं वाहिलेली असतात, सिलिंडर वाहिलेले असतात. कुठे आदळली, कुठे कलंडली, हे आरसी बुकात लिहिलेलं नसतं. आपण तिच्यात पापड, शेवया, मसाल्याची पोती भरतो, उरलेल्या जागेत गटातल्या दोघी-तिघी दाटीवाटीनं बसतात आणि अंधारात बाजाराला निघतो. तेव्हा आजचं बोलणं ओम्नी धरूनच करते. बाकीच्या लहान गाड्यांनाही त्यातलं बरंचसं लागू पडतं.

आधी खाली काय असतं ते समजून घेऊ. बैलगाडी डोळ्यासमोर आणा. दोन बैल, दोन कासरे, आणि दोन्ही कासरे गाडीवानाच्या एकाच हातात. कासरे सारख्या लांबीचे असतील तर हात छातीसमोर ठेवून गाडी सरळ जाते. एक कासरा चार बोटं आखूड झाला तर? गाडी तरीही सरळ नेता येते, पण हात एका बाजूला सरकवून धरावा लागतो. मोटारीतही तसंच आहे. स्टिअरिंगची दांडी खाली जाऊन दाते असलेल्या एका आडव्या दांड्याला मिळते. त्याला रॅक म्हणतात. आपण स्टिअरिंग फिरवलं की रॅक डावी-उजवीकडे सरकते. रॅकच्या दोन टोकांना दोन दांड्या असतात, त्या पुढच्या दोन चाकांना वळवतात. त्या दांड्या म्हणजे टायरॉड. हेच मोटारीचे कासरे. त्यांना आटे असतात, म्हणजे त्यांची लांबी कमी-जास्त करता येते. एक टायरॉड वाकला, सैल झाला किंवा कुणी चुकीचा फिरवला, की स्टिअरिंग वाकडं दिसायला लागतं. दुखणं खाली आहे, स्टिअरिंग फक्त ते दाखवतं.

आणि दाखवतं ते मोठं करून दाखवतं. साध्या मोटारीत पुढचं चाक एक अंश वळायला स्टिअरिंग साधारण पंधरा ते वीस अंश फिरवावं लागतं. त्यामुळे खाली केसभर फरक पडला तरी वर डोळ्याला खुपतो. हे आपल्या फायद्याचंच आहे. थर्मामीटर घरी असल्यासारखं आहे, वापरायचं मात्र आपण.

तर वापरायचं कसं? मी सगळ्या ताईंना सांगते, कपाळाची एक टिकली काढा आणि स्टिअरिंगच्या अगदी वरच्या बिंदूवर चिकटवा. आडव्या दांड्या सरळ दिसतात तेव्हा जो बिंदू सर्वांत वर येतो, तो. स्टिअरिंग म्हणजे घड्याळ समजलं तर ही टिकली बारावर हवी. मग गाडी मोकळ्या, सपाट जागी घ्या. मार्केट यार्डातलं सिमेंटचं पटांगण यासाठी उत्तम, बाजाराचा दिवस नसेल तेव्हा. नेहमीच्या रस्त्यावर ही परीक्षा का नको, तर आपले रस्ते पावसाचं पाणी निघून जावं म्हणून मध्ये उंच आणि कडेला उतरते केलेले असतात. आपण डाव्या बाजूनं चालवतो, म्हणजे गाडी कायम डावीकडे घरंगळायला बघते आणि आपला हात नकळत तिला उजवीकडे धरून ठेवतो. तिथे टिकली मिनिटभर उजवीकडे दिसली तर तो रस्त्याचा उतार असू शकतो, गाडीचा दोष नाही.

पटांगणात सावकाश सरळ चालवा, पुढे-मागे कुणी नाही हे बघून पकड थोडी हलकी करा. हात सोडू नका, नुसते टेकवून ठेवा. आता दोन गोष्टी होऊ शकतात. एक म्हणजे गाडी सरळ जाते पण टिकली बाराच्या जागी दोन-तीन मिनिटं सरकलेली राहते. दुसरी म्हणजे गाडीच एका बाजूला ओढते, सरळ ठेवायला जोर लावावा लागतो. या दोन्हींना आपण सरसकट "स्टिअरिंग वाकडं" म्हणतो, पण ही दोन वेगळी दुखणी आहेत.

ओढणाऱ्या गाडीचं थोडक्यात सांगते. पहिल्यांदा हवा बघा, कारण एका बाजूच्या टायरमध्ये हवा कमी असली की गाडी त्याच बाजूला ओढते. हवा बरोबर असेल तर पुढचे दोन टायर डावी-उजवीकडे बदलून लावा. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण नसेल तर तसं करता येतं. ओढायची बाजू बदलली तर दोष टायरमध्ये. तरीही ओढत असेल तर पाच-सहा किलोमीटर चालवून आणा, उतरा आणि पुढच्या दोन्ही चाकांवर मधोमध पाण्याचे चार थेंब शिंपडा, आपण तवा तापला का बघतो तसं. एका चाकावर पाणी चुर्र झालं आणि दुसऱ्यावर नाही, तर त्या चाकाचा ब्रेक पूर्ण सुटत नाही. हात लावून बघू नका, भाजतं.

आता खरा विषय, गाडी सरळ आणि स्टिअरिंग वाकडं. इथे मिस्त्रीनं पहिला प्रश्न विचारायला हवा तो "कधीपासून?" हा. तो नाही विचारला तर आपण सांगायचं. खड्ड्यात आदळल्यावर किंवा दुभाजकाला चाक घासल्यावर एकदम वाकडं झालं असेल, तर काहीतरी वाकलंय. टायरॉड असेल, लोअर आर्म असेल, नाहीतर रिम. हळूहळू महिन्यागणिक सरकत गेलं असेल तर सांधे आणि रबरी बुश झिजलेत. अलाइनमेंट करून आणल्याच्या दिवसापासून वाकडं असेल तर काम नीट झालेलं नाही, गाडी त्याच ठिकाणी परत न्यायची. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आज डावीकडे, उद्या उजवीकडे, ब्रेक मारला की तिसरीकडेच. याचा अर्थ खाली काहीतरी सुटलेलं आहे. अशी गाडी बाजाराला न्यायची नाही, गॅरेजपर्यंतसुद्धा मिस्त्रीनं येऊन बघितल्याशिवाय न्यायची नाही.

आमच्या ग्रामसंघातल्या एका गटाच्या ओम्नीचं सांगते. पावसाळ्यात खड्ड्यात पुढचं डावं चाक आदळलं आणि टिकली बारा वाजून तीन मिनिटांवर जाऊन बसली. गाडी चालवणारी ताई ती तालुक्याच्या एका गॅरेजात घेऊन गेली. तिथल्या माणसानं दहा मिनिटांत स्टिअरिंगचा मधला नट सोडला, स्टिअरिंग उपसून दोन दाते फिरवून परत बसवलं, पैसे घेतले. टिकली बारावर आली. सगळ्यांना वाटलं, झालं काम. पण वाकलेला टायरॉड वाकलेलाच होता. दिवाळीच्या सुमाराला पुढच्या टायरांच्या कडा घासून आतल्या तारा दिसायला लागल्या. मधल्या काळात त्या ताईला घरच्यांकडून आणि गटातल्या एक-दोघींकडूनही ऐकावं लागलं की बाईच्या हाताला गाडी टिकत नाही, टायर खाते. जिल्ह्याच्या ठिकाणी अलाइनमेंटला नेली तेव्हा कळलं की डावा टायरॉड वाकलाय आणि त्याच्या टोकाचा सांधा इतका सैल आहे की हातानं हलतोय. दोन टायर, टायरॉड, अलाइनमेंट, सगळा खर्च एका महिन्यात आला आणि त्या महिन्याचा हप्ता गटाच्या बचतीतून भरला. पैशाचं दुःख एकवेळ बाजूला ठेवू. तो सांधा घाटात निसटला असता तर त्या चाकावर स्टिअरिंगचा ताबाच राहिला नसता.

म्हणून ही गोष्ट लक्षात ठेवा. वाकडं दिसतंय म्हणून स्टिअरिंग उपसून सरळ बसवणं म्हणजे ताप असताना थर्मामीटर झटकून पारा खाली आणणं. शिवाय असं केलं की गाडी सरळ जाताना रॅक मध्यावर नसते, त्यामुळे एका बाजूला गाडी जास्त वळते, दुसऱ्या बाजूला कमी. इंडिकेटर वळणानंतर आपोआप बंद होतो, त्याचंही गणित एका बाजूला बिघडतं. आणि एअरबॅगच्या गाडीत हा खेळ अजिबात नको. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना चालकासाठी एअरबॅग सक्तीची आहे. स्टिअरिंगच्या मधल्या झाकणावर एसआरएस अशी इंग्रजी अक्षरं असतील तर त्याच्याआड एअरबॅग आहे. तिच्या तारेची गुंडाळी तिथेच असते, ती चुकीची फिरली तर तुटते. मग वेळेला पिशवी फुगणार नाही. बॅटरी काढून, पद्धत माहीत असलेल्यानंच ते काम करायचं.

एकच वेळ अशी की स्टिअरिंग उपसणं बरोबर असतं. आधीच्या मालकानं फॅन्सी स्टिअरिंग बसवून घेतलं आणि तेव्हाच ते चुकीच्या दात्यावर बसलं, तेव्हा. हे ओळखायचं कसं? त्याच टिकलीनं. गाडी मोकळ्या जागी अगदी गोगलगायीच्या चालीनं चालती ठेवा, कारण ओम्नीचं स्टिअरिंग उभ्या गाडीत जड जातं आणि टायरही रगडतात. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे अडेपर्यंत न्या. तिथून पूर्ण उजवीकडे अडेपर्यंत किती फेरे होतात ते टिकलीवर नजर ठेवून मोजा. शेजारी बसलेलीनं मोजलं तर उत्तम. समजा साडेतीन फेरे भरले. त्याचे निम्मे पावणेदोन. आता उजव्या टोकापासून पावणेदोन फेरे परत या. रॅक मध्यावर आली. टिकली आता बारावर असेल तर स्टिअरिंग आपल्या दात्यावर नीट बसलेलं आहे आणि दोष टायरॉडकडे किंवा मागे आहे. टिकली भलतीकडेच असेल तर कुणीतरी स्टिअरिंग उपसून बसवलेलं आहे. आमच्या त्या ओम्नीसारखे दोन्ही दोष एकाच गाडीतही असतात, तेव्हा आधी खालचं दुरुस्त करायचं आणि मग वरचं. एवढी मोजणी करून गॅरेजात गेलात की बोलण्याचा सूर बदलतो, हे मी स्वतः पाहिलंय. "मावशी, तुम्हाला नाही कळायचं" म्हणणारा मिस्त्री "बघतो ताई" म्हणायला लागतो.

टायरही बोलतात. पुढच्या टायरवर तळहात आडवा फिरवा, बाहेरून आत आणि मग आतून बाहेर. तारा बाहेर आलेल्या नाहीत ना, हे आधी बघून. दोन्हीकडून सारखं लागलं तर बरं. एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं करवतीच्या दात्यांसारखं खरखरीत लागलं, तर दोन्ही चाकं एकमेकांशी समांतर नाहीत, टायर रस्त्यावर थोडा फरफटत चाललाय. हे काम लांबवायचं नाही. उलट स्टिअरिंग किंचित वाकडं आहे पण टायर सगळीकडून सारखा झिजलाय आणि कुठे काही सैल नाही, तर बहुतेक नुसती कासऱ्यांची लांबी पुढेमागे झालीय. तेवढ्यावर पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत चालतं.

सैल आहे का, हे दोघींनी मिळून बघायचं. एक आत बसून स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवेल, दुसरी बाहेरून पुढच्या चाकाच्या मागे-पुढे वाकून टायरॉडच्या टोकाकडे बघेल. स्टिअरिंग हललं आणि चाक उशिरा हललं, किंवा सांध्यातून खट् असा आवाज आला, तर टायरॉड एंड गेला. सांध्यावरचा रबरी बूट फाटलेला असेल तर आज नाही तर उद्या जाणार, कारण त्यात धूळ आणि पाणी शिरतंच. जॅक लावायचा असेल तर सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड, एवढं करून. चाक घड्याळाच्या तीन आणि नऊवर धरून हलवलं आणि खेळलं तर टायरॉडचा संशय, बारा आणि सहावर खेळलं तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंगचा. आणि नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. हात फक्त चाकाला लावायचा.

आता एक कारण असं आहे की ज्याच्याकडे पुढे बघून बघून लक्षच जात नाही. ओम्नीला मागे पाटे आहेत. पाटे आणि मागचा एक्सल यू बोल्टनं आवळलेले असतात आणि पाट्यांच्या मधोमध एक सेंटर बोल्ट एक्सलला जागेवर धरून ठेवतो. आपण गाडीत झेपेल त्यापेक्षा जास्त पोती टाकतो, तीही सवयीनं एकाच बाजूला. गतिरोधकावर दणके बसतात. यू बोल्ट ढिले होतात, सेंटर बोल्ट तुटतो आणि मागचा एक्सल एका बाजूनं सरकतो. मग मागची चाकं गाडीला तिरकं ढकलतात आणि सरळ जायला आपल्याला स्टिअरिंग वाकडं धरावं लागतं. गाडी खेकड्यासारखी चालते. अशा गाडीचे पुढचे टायरॉड कितीही फिरवा, उपयोग शून्य. हे बघायला मातीचा सपाट रस्ता पुरतो. पन्नास पावलं सरळ चालवा, उतरा आणि चाकोऱ्या बघा. मागच्या टायरची खूण पुढच्या खुणेपासून दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर हवी. एका बाजूला आत आणि दुसऱ्या बाजूला बाहेर पडत असेल तर एक्सल सरकला. खात्री करायची तर चाकं सरळ ठेवून शिवणकामाची टेप घ्या, तोकडी पडली तर दोरी, आणि पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी मोजा. बोटभर फरक निघाला तर मिस्त्रीला आधी पाटे दाखवायचे.

राहिली अलाइनमेंट. लहान गाडीच्या अलाइनमेंटला काही शे रुपये लागतात, टायरला हजार, म्हणून इथे काटकसर नको. पण पैसे दिले म्हणजे काम झालं असं नाही, उभं राहून बघायचं. चारही टायरची हवा दाराजवळच्या पट्टीवर लिहिलीय तेवढी आहे का, हे त्यांनी आधी तपासलं पाहिजे. सैल सांधे, वाकलेला टायरॉड हे आधी बदललं पाहिजे, कारण सैल सांध्यावर केलेली अलाइनमेंट गेटबाहेरच्या पहिल्या खड्ड्यात जाते. त्यानंतरचं सगळ्यात महत्त्वाचं. टायरॉडला पाना लावण्याआधी स्टिअरिंग बरोबर सरळ करून पट्टीनं किंवा दांड्यानं घट्ट अडकवलं पाहिजे. ही पायरी गाळतात आणि मग चाकं समांतर होतात पण स्टिअरिंग वाकडं राहतं. तसंच एकाच बाजूचा टायरॉड फिरवून काम उरकणाऱ्याला तिथेच थांबवायचं. चाकं आधीच समांतर असतील आणि फक्त स्टिअरिंग मध्यावर आणायचं असेल, तर एक टायरॉड जेवढा लांब तेवढाच दुसरा आखूड करावा लागतो. कुठला लांब आणि कुठला आखूड, हे टायरॉड एक्सलच्या पुढे आहे की मागे यावर ठरतं, ते त्यांना माहीत असतं. शेवटी चेक नट आवळायचा आणि रबरी बूट पिळलेला राहिला नाही ना, ते बघायचं.

कॉम्प्युटरवर काम करणारे आधीचा आणि नंतरचा कागद छापून देतात. तो मागून घ्या. त्यात टो म्हणून डावा आणि उजवा आकडा वेगवेगळा असतो. दोन्ही नंतरचे आकडे त्याच कागदावर दिलेल्या मर्यादेत हवेत आणि एकमेकांच्या जवळपास हवेत. कागद गाडीच्या वहीत चिकटवायचा, शेजारी तारीख आणि किलोमीटर लिहायचे. पैसे देण्याआधी गाडी स्वतः चालवून यायची, मिस्त्रीला शेजारी बसवून. टिकली बारावर नसेल तर गाडी पुन्हा त्याच मशिनवर चढवायला लावायची, आणि त्याचे वेगळे पैसे द्यायचे नाहीत.

पुढच्या भाषणात ब्रेकबद्दल बोलू.